नवव्या दिवशी उठलेला फोन

“तुमचा फोन उठला बरं का,” वैजयंती म्हणाली.

मी दात घासत होतो. अर्धा फेस गिळून विचारलं, “उठला म्हणजे?”

“म्हणजे चालू झाला. काल संध्याकाळी गच्चीवरून कुरडया खाली आणल्या, त्यांच्याबरोबर त्यालाही आणलं. म्हटलं, नऊ दिवस उन्हात वाळलाय, चार्जरला लावून तर बघू. तुम्ही मीटिंगला गेलात आणि हा लागला. टुणटुण करत होता.”

“मग रात्री का नाही सांगितलंस?”

“रात्री आल्यापासून घोरेपर्यंत तुम्ही ग्रंथालयाच्या घटनादुरुस्तीवर बोलत होतात. मला मध्ये फट सापडली नाही.”

ती आनंदाने सांगत होती. नवा फोन घ्यायचं टळलं होतं. मी मात्र तोंड न धुताच फोन शोधायला निघालो.

ही सात वर्षांपूर्वीची, एप्रिलमधली गोष्ट. मी संगमनेरच्या एका कॉलेजात मराठी शिकवायचो, पण गाव मला ओळखायचं ते दुसऱ्या कामासाठी. कुणी गेलं की त्याच्यावरचा मजकूर मी लिहायचो. साप्ताहिकात मी, फ्लेक्सवर मी, ग्रुपवर मी. “माणूस थंड व्हायच्या आत श्रीपाद देवकुळेचा मजकूर आलेला असतो,” असं लोक म्हणत, आणि हे कौतुकच आहे अशी माझी समजूत होती.

शेजारच्या बंगलीत खर्डे सर राहायचे. दिगंबर खर्डे, निवृत्त मुख्याध्यापक. मला त्यांनी पाचवी ते दहावी बडवलं होतं. त्यांना मूलबाळ नव्हतं. घरात ते आणि इंदूकाकू. आणि येवल्याला एक धाकटा भाऊ, सुधाकर, ज्याच्याशी अकरा वर्षं बोलणं बंद.

भांडण जमिनीचं नव्हतं, घराचंही नव्हतं. भूमितीचं होतं. दहावीच्या परीक्षेला सर केंद्रसंचालक होते आणि सुधाकरकाका त्याच केंद्रावर पर्यवेक्षक. भूमितीच्या पेपरला एका मुलाकडे चिठ्ठी सापडली. सरांनी अक्षर ओळखलं. त्यांनीच त्या अक्षराला लहानपणी वळण लावलं होतं. त्याच संध्याकाळी सरांनी वर अहवाल धाडला आणि काका सहा महिने निलंबित झाले. पुढे बदली घेऊन ते येवल्याला गेले. काकांचं म्हणणं, चिठ्ठी माझी नव्हतीच, दादाला आदर्श मुख्याध्यापक व्हायचं होतं म्हणून त्याने भाऊ वापरला. सरांचं म्हणणं, सुध्याने एकदा, फक्त एकदा, ‘माझी होती’ म्हणावं, मी येवल्याला चालत जाईन. दोघंही शिक्षक. आपलं उत्तर बरोबर आहे याबद्दल दोघांनाही शंका नव्हती.

सहा एप्रिलला दुपारी सरांच्या छातीत कळ आली. हॉस्पिटलात स्ट्रेचरवरून आत नेताना त्यांनी माझं मनगट धरलं.

“सुध्याला कळव.”

“हो सर.”

“मी सांगितलं असं सांगू नकोस.”

“नाही सर.”

“इंदूलाही नको. त्याला फोन करायचा नाही अशी तिला शपथ घातलीय मी. हसेल ती.”

काकू तेव्हा कॉरिडॉरच्या टोकाला भिंतीला टेकून रडत होत्या. पण सरांना काळजी त्या हसण्याची.

हॉस्पिटलात रेंज नव्हती. मी गच्चीवर गेलो. तिथे एक काडी यायची आणि जायची. पाण्याच्या टाकीवर कोपर टेकवून मी काकांना लिहिलं : ‘सरांची प्रकृती गंभीर आहे. ताबडतोब या.’ फोन करायला हवा होता. पण मी पडलो लेखी माणूस. मेसेजच्या कोपऱ्यात घड्याळाची खूण आली, म्हणजे निघालाय पण गेलेला नाही. मी थांबलो. आणि थांबल्या थांबल्या, रिकाम्या हाताला सवय म्हणून, जी खिडकी उघडी होती तिच्यातच सरांवरचा मजकूर लिहायला लागलो. पाठवायला नव्हे, तयार असावा म्हणून. डॉक्टरांचा चेहरा मी पाहिला होता आणि असे चेहरे मला वाचता येतात असा माझा दावा होता.

‘ज्येष्ठ शिक्षक दिगंबर रामचंद्र खर्डे यांचे दि. ६ एप्रिल रोजी हृदयविकाराने दुःखद निधन झाले. तत्त्वासाठी त्यांनी आप्तांचीही पर्वा केली नाही. त्यांच्या पश्चात पत्नी व एक बंधू असा परिवार आहे.’

बरा उतरला होता. पुन्हा वाचावा म्हणून फोन जवळ घेतला, तो घामाने निसटला, मी झडप घातली, अंगठा कुठेतरी दाबला गेला, आणि फोन टाकीच्या उघड्या तोंडातून आत. वॉचमनने बादलीने काढून दिला तेव्हा त्याच्यात काही राहिलं नव्हतं. वैजयंतीने तो नेऊन गच्चीवर कुरडयांच्या शेजारी मांडला. आणि इकडे हृदयात दोन स्टेंट टाकल्यावर सर वाचले.

तिसऱ्या दिवशी त्यांना साध्या खोलीत हलवलं. काकू औषधं आणायला गेल्या तसं त्यांनी मला जवळ बोलावलं.

“कळवलंस?”

खरं सांगायचं तर टाकी सांगावी लागली असती. टाकी सांगायची तर गच्चीवर इतका वेळ काय करत होतास, हे आलं असतं. समोरचा माणूस उशीला टेकून मोसंबी खात होता आणि त्याच्या पश्चात परिवार किती, हे मी लिहून बसलो होतो.

“कळवलं, सर.”

“पोचलं त्याला?”

“पोचलं.”

“कशावरून?”

मुख्याध्यापक शेवटी. पुरावा मागणारच.

“निळ्या खुणा आल्या होत्या, सर. वाचलं त्यांनी.”

सरांनी मोसंबीची फोड परत ताटलीत ठेवली. “बरं,” म्हणाले. एवढंच. नंतर डॉक्टरांनी रक्तदाब घेतला तेव्हा तो वाढलेला निघाला. त्यांनी काकूंना मिठावरून झापलं.

दहा तारखेला सर घरी आले. बारा तारखेला मला बोलावणं आलं. टेबलावर कोरा कागद होता.

“लिहून घे. तुझी भाषा चांगली आहे. माझ्या मृत्यूनंतर सुधाकर रामचंद्र खर्डे यांस कळवू नये. त्यांस अंत्यदर्शन घेऊ देऊ नये. दहाव्यास घाटावर उभे करू नये.”

“सर, एवढं कशाला...”

“जिवंतपणी वाचून जो आला नाही तो मेल्यावर कशाला येतोय? लिही. ‘करू नये’ याच्याखाली रेघ मार.”

मी रेघ मारली. सरांनी सही केली. तारीख घातली. साक्षीदार म्हणून मीही सही केली. लपेटीदार.

तर पंधरा तारखेच्या सकाळी, तोंडात फेस घेऊन, मी तो फोन उचलला. काच तडकली होती, आत कडेला पाण्याचा पिवळट डाग होता, पण चालू होता. काकांची खिडकी उघडली. दोन्ही मेसेज गेलेले. दोन्हींवर निळ्या खुणा. या खऱ्या.

खाली काल रात्री पावणेनऊचं उत्तर होतं. चार वेळा वाचलं तेव्हा ते डोक्यात शिरलं.

‘६ ला गेला. आज १४. म्हणजे उद्या दहावा. मला नऊ दिवसांनी कळवता. हरकत नाही, आमची लायकी तेवढीच. उद्या सकाळी घाटावर येईन. घरी पाय ठेवणार नाही. वहिनींना सांगू नका.’

“काय झालं?” वैजयंतीने विचारलं. “कोण गेलं?”

“कुणी नाही.”

“मग असा चेहरा का?”

“त्याचाच प्रॉब्लेम झालाय.”

मी काकांना फोन लावला. फोनचा आवाज पाण्याने गेला होता. पलीकडे घंटा वाजतेय की काका बोलतायत, काही कळेना. वैजयंतीच्या फोनवरून लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. दहाव्याला बसलेला माणूस फोन कमरेला लावून बसत नाही. पावणेआठ झाले होते. खिडकीतून पाहिलं तर सर ओट्यावरच्या खुर्चीत बसून उपमा खात होते आणि मीठ नाही म्हणून काकूंवर ओरडत होते. तब्येत उत्तम होती. मी स्कूटर काढली.

प्रवरेच्या घाटावर त्या दिवशी एका माजी सरपंचांचा दहावा होता. दोनशे माणसं, खुर्च्या, फ्लेक्स, माइकवर प्रवचन. त्या सगळ्यापासून दूर, खालच्या पायऱ्यांवर, एक गुरुजी आणि एक उघडा माणूस होता. डोकं नुकतं भादरलेलं, गुळगुळीत, जागोजाग लाल. मी त्याला ओलांडून पुढे गेलो. सुधाकरकाकांना मी ओळखायचो ते मिशांवरून. दोन पिढ्यांच्या पोरांनी ज्यांची नक्कल केली अशा जाड, काळ्या मिशा. मागून काकांचा आवाज आला तेव्हा मी वळलो. मिशांच्या जागी पांढरी, ओली, लहान मुलासारखी कातडी होती.

काका पिंडासमोर हात जोडून उभे होते. कावळा येत नव्हता. सगळे कावळे सरपंचांकडे होते.

“काही मनात राहिलं असेल तर बोला,” गुरुजी म्हणत होते. त्यांनाही पुढचं गिऱ्हाईक होतं. “गेलेल्याचा जीव अडकला असला की शिवत नाही तो.”

“दादा,” काका म्हणाले, “वहिनीला मी बघीन. येवल्याला घेऊन जाईन.”

कावळा नाही.

“दादा, मी तुझ्याबद्दल लोकांत फार वाईट बोललो. तुला अहंकारी म्हणालो. म्हणजे तू होतास. पण मी बोलायला नको होतं.”

काहीच नाही. गुरुजींनी घड्याळ पाहिलं.

मी मागे तीन पायऱ्यांवर उभा होतो. तोंड उघडत होतो आणि मिटत होतो. आयुष्यभर लोकांना ‘गेले’ म्हणून सांगितलं. ‘आहेत’ म्हणून सांगायचा मजकूर माझ्याकडे तयार नव्हता.

“दादा,” काका पुन्हा म्हणाले. “चिठ्ठी माझीच होती. त्या पोराचा बाप दोन दिवस घरी येऊन बसत होता, मला नाही म्हणता आलं नाही. माझीच होती. तू ओळखलंस ते बरोबर ओळखलंस. पण मला आधी घरी बोलवून दोन थोबाडीत द्यायच्या होत्यास रे. सरळ अहवाल पाठवलास. भाऊ होतास की केंद्रसंचालक?”

हेही कावळ्यांना पुरेसं वाटलं नाही.

“काका,” मी म्हणालो.

ते वळले.  “श्रीपाद? बाकीचे कुठायत? मी साडेसहापासून उभा आहे. कुणीच कसं नाही? दादाचा दहावासुद्धा धड करत नाही तुम्ही?”

“काका, सर आहेत.”

“आहेतच. आठवणीत असतात माणसं.”

“तसं नाही. घरी आहेत. सकाळी बघून आलो. उपमा खातायत.”

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं, मग काकांकडे, मग पिंडाकडे. “यजमान, हे कोण?”

“ज्यांनी कळवलं ते हे,” काका कोरड्या आवाजात म्हणाले.

आणि मी फोन, टाकी, अंगठा अशी सुरुवात करतोय तेवढ्यात मागे फडफड झाली. एक थोराड कावळा आला, पिंडाला चोच मारली, तांदळाचा घास घेतला आणि उडून गेला.

“शिवला,” गुरुजी सवयीने म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं. “अरे देवा.”

 वर प्रवचनकार आत्म्याच्या प्रवासाबद्दल सांगत होते.

“श्रीपाद,” काकांनी माझा दंड धरला, “तू निघालास तेव्हा दादा नक्की...”

“खात होते, काका. ओरडत होते.”

“किती वेळ झाला?”

“वीस मिनिटं.”

“वीस मिनिटं खूप झाली रे. हार्टचं आहे ना त्याचं?”

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. कॉलेजात अंधश्रद्धेवर मी दरवर्षी एक तास घेतो. पण त्या दिवशी स्कूटरला किक मारताना माझा पाय दोनदा हुकला. काका उघड्या अंगावर नुसता पंचा टाकून मागे बसले. गुरुजी हाका मारत होते, सदरा राहिला, पिशवी राहिली. काकांनी वळून पाहिलं नाही.

बसस्टँडच्या चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा ते माझ्या कानाशी म्हणाले, “मी तिथे बोललो ते ऐकलंस?”

“नाही काका. माइकचा आवाज होता.”

“बरं,” ते म्हणाले. जरा थांबून म्हणाले, “त्या मजकुरात ‘एक बंधू’ लिहिलंस, ते दादाने सांगितलं होतं?”

“नाही. तशी पद्धत असते.”

 पुढे घरापर्यंत माझ्या खांद्यावरची त्यांची बोटं घट्ट होत गेली.

सरांच्या ओट्यावर खुर्ची होती. खुर्चीखाली उपम्याची ताटली होती, अर्धी खाल्लेली. सर नव्हते. दार बंद होतं. एप्रिलमध्ये सकाळच्या वेळी सरांचं दार मी कधी बंद पाहिलं नव्हतं. मी बेल दाबली. लाइट गेलेले, बेल वाजली नाही. मी कडी वाजवली. आतून काही नाही. पुन्हा वाजवली. काका ओट्याच्या पायरीवर मटकन बसले.

“अकरा वर्षं,” ते जमिनीकडे बघत म्हणाले. “आणि वीस मिनिटं.”

मी दारावर दोन्ही हातांनी मारायला लागलो.

“तोडतोस का काय लेका!” आतून आवाज आला. कडी निघाली आणि दारात सर उभे राहिले. एका गालावर साबण, हातात रेझर. “दाढी करत होतो. लाइट गेले, आरसा दिसेना म्हणून मागे अंगणात...”

त्यांची नजर माझ्यावरून खाली गेली. पायरीवर बसलेला माणूस, पंचा, गुळगुळीत डोकं, मिशा साफ. अकरा वर्षांनी भाऊ दिसला आणि तो असा दिसला. सरांचा चेहरा पांढरा पडला.

“सुध्या,” ते म्हणाले. “कोण गेलं रे?”

काकांनी वर पाहिलं. 

“तू,” ते म्हणाले.

मग मी सगळं सांगितलं. गच्ची, टाकी, दोन मेसेज, कुरडया. सर ऐकत होते, साबण गालावर वाळत होता. काकूही मागून येऊन उभ्या राहिल्या. मेसेज तेव्हा गेलाच नव्हता, हे सांगताना मी सरांच्या पायांकडे बघत होतो.

“मग निळ्या खुणा?”

“नव्हत्या सर. मी खोटं बोललो.”

“आणि मी ते पत्र सांगितलं तेव्हा?”

“तेव्हाही माहीत होतं.”

“लिहून घेतलंस.”

“हो सर.”

“रेघ मारलीस.”

“हो सर.”

 पुढे काका बोलले. पायरीवरून उठले, पंचा नीट केला आणि वर्गात उभ्या केलेल्या मुलासारखे ताठ राहिले.

“दादा, याने सांगितलं म्हणून मीही सांगतो. चिठ्ठी माझी होती.”

सरांचा रेझर धरलेला हात खाली आला. बराच वेळ ते भावाच्या डोक्याकडे बघत होते, जिथे जिथे वस्तऱ्याने कापलं होतं तिथे तिथे.

“घाटावरून आलायस,” शेवटी म्हणाले. “मागून ये. आंघोळ कर आधी. इंदू, पाणी तापव. माझा सदरा दे त्याला.”

काका बंगलीला वळसा घालून मागे गेले. सरही आत गेले. दार उघडंच राहिलं, पण मला कुणी ये म्हणालं नाही. मी ओट्यावर बसलो. थोड्या वेळाने आतून आवाज यायला लागले. आधी हळू, मग चढे.

“दोन थोबाडीत द्यायच्या होत्यास!”

“आणि त्या पोराने पुढच्या वर्षी बापालाच पाठवलं असतं परत!”

“सहा महिने मी घरात तोंड लपवून काढले, दादा!”

“मी काय मिरवत होतो? आईच्या वर्षश्राद्धाला मी एकटा बसलो होतो!”

अकरा वर्षांचं साठवलेलं भांडण होतं, ते दोघंही काटकसर न करता वापरत होते. रस्त्यावरून जाणारे थांबून बघायला लागले. मला इतकं बरं गेल्या नऊ दिवसांत वाटलं नव्हतं. आता सर मला हाक मारतील, चार शिव्या देतील, कदाचित कान धरतील, आणि मग आत बसायला सांगतील, असं मी मनात मांडत होतो.

काकू बाहेर आल्या. हातात एकच कप. डोळे सुजलेले, पण चेहरा मी त्यांच्या लग्नाच्या फोटोत पाहिला होता तसा.

“ते पत्र फाडलं त्यांनी,” त्या म्हणाल्या. “मगच भांडायला बसले. सुधाकरभावजी आठ दिवस राहतायत.”

“चांगलं झालं, काकू.”

“हो.” त्यांनी कप माझ्या हातात दिला, पण लगेच सोडला नाही. “श्रीपाद, तू वाईट नाहीस. मी सांगितलं त्यांना. पण ते म्हणाले, सुध्याने खोटं सांगितलं ते स्वतःला वाचवायला. याने माझ्याकडून माझ्याच भावाविरुद्ध सही घेतली आणि शेजारी आपली केली.” त्या थांबल्या. आत सर कशावर तरी हात आपटत होते. “इथे येऊ नकोस म्हणालेत. माझ्यासमोर नको म्हणालेत.”

“किती दिवस?”

काकूंनी कप सोडला. सर त्यानंतर चार वर्षं जगले.

“चहा पिऊन जा,” त्या म्हणाल्या. “गरम आहे.”

मी उभ्यानेच प्यायलो. आत सर भावाला सांगत होते की चिठ्ठीतली ती आकृतीसुद्धा त्याने चुकीची काढली होती.